सोवनीकाका आणि धापा टाकणारी गाडी

सोवनीकाकांच्या घरात दोन लाटणी आहेत. एक पोळ्यांचं आणि एक इंजिनाचं. इंजिनाच्या लाटण्याचं एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटायचे. मग इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते शेजारच्या खोलीतल्या भांडणासारखं स्वच्छ ऐकू येतं. काका मला हे पहिल्याच भेटीत समजावून सांगत होते तेव्हा मी त्यांच्याकडे जेवायला बसलो होतो, आणि ताटातल्या पोळीला ऑइलचा वास येत होता. विमलकाकूंनी पोळी नाकाशी नेली आणि शांतपणे म्हणाल्या, "आज पुन्हा अदलाबदल झालेली दिसतेय. तूप जास्त वाढू का?"

मी बँकेतला माणूस. बदली होऊन कोलकात्याला आलो, बेहालात दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली, आणि तळमजल्यावरच्या दारावर 'भा. ग. सोवनी' अशी देवनागरी पाटी दिसली. तेवढ्यावर मी बेल वाजवली. परमुलखात माणूस पाटी पाहूनही हुरळतो. दार उघडायला साडेचार मिनिटं लागली, कारण दाराला वरून-खालून रबराच्या पट्ट्या लावलेल्या होत्या आणि ते ओढून काढावं लागत होतं.

काका खिदिरपूरच्या गोदीत चौतीस वर्षं जहाजं तपासायचे. जहाज समुद्रात जायच्या लायकीचं आहे की नाही हे ठरवणारा माणूस. काकांनी मान हलवली की जहाज अडकलं. एका परदेशी कप्तानाने त्यांच्यापुढे गुडघे टेकले होते असं ते सांगतात. मी सांगताना दोन कप्तान करतो.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण गोदी काही अंगातून गेली नाही. जहाजाचा एकच शत्रू, पाणी; आणि बेहालाचाही तोच. आमच्याकडे ढग नुसता खाकरला तरी गल्लीत घोटाभर पाणी साचतं. त्यामुळे काकांनी घरातली भोक म्हणून जी काही वस्तू होती ती बुजवून टाकली. जहाजाला वापरतात ती राखाडी लांबी, जी वाळली की दगड होते, तिचा डबा कायम हाताशी. खिडक्या बुजल्या, न्हाणीघरातली झरोक्याची फट बुजली, दाराची घंटा बुजली आणि ती पाण्याखालून वाजल्यासारखी वाजायला लागली. एकदा त्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण इतकं पक्कं बसवलं की ती उघडायला गॅरेजमधून पान्हा आणावा लागला. लोणचं मात्र उत्तम टिकलं होतं. अजून टिकलंच असतं. आणि काम झालं की काका त्या जागेवर लाल रंगाने बारीक अक्षरांत सही करतात: भा. सो. तपासणाऱ्याची सही नसलेलं काम म्हणजे अफवा, असं ते म्हणतात.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे "मत नको, निरीक्षण सांगा."

मी एकदा सहज म्हणालो, "काका, आज फार उकडतंय."

"हे मत झालं. निरीक्षण सांगा."

"शर्ट पाठीला चिकटलाय."

"हं. आता बोला, बँकवाले."

गणपतीत मराठी मंडळात जेवण होतं. सगळे "वा, मोदक काय झालेत!" म्हणत होते. काकांनी मोदक उजेडात धरला, फिरवला, आणि वाढणाऱ्या बाईंना सांगितलं, "तीन नंबरच्या पाकळीशी गळती आहे." बाईंनी पुढची सात मिनिटं त्यांच्याशी बंगालीत बोलणं पसंत केलं.

तर अशा माणसाची गाडी बिघडली.

गाडी पंचविशी ओलांडलेली, पांढरी, पेट्रोलवाली, कार्बोरेटरच्या जमान्यातली. काका तिला नव्या नवरीसारखी ठेवत. आणि ती अडखळायला लागली. सुरुवातीला अर्धा तास शहाण्यासारखी धावायची. मग पाय दाबावा तर पुढे जायच्या ऐवजी विचारात पडायची. मग एक गचका, मग एक धाप, मग आता बंद पडतेय की मग पडतेय अशी थरथर, आणि तेवढ्यात परत जीव धरायची. पंधरा मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा ताजीतवानी. जणू दुपारची झोप झाली.

एरवी ही गंमतच होती. पण दर रविवारी काका ती गाडी घेऊन न्यू टाउनला जायचे. तिथे त्यांची मुलगी अनघा राहते. जावई बंगाली, दोघंही आयटीत, आणि त्यांची सहा वर्षांची झुमू. रविवारी सकाळी काका झुमूला घेऊन बेहालाला यायचे, संध्याकाळी सोडायचे. झुमू घरी बंगाली, शाळेत इंग्रजी, टीव्हीसमोर हिंदी. मराठी ती फक्त एका ठिकाणी बोलायची, आजोबांच्या गाडीत. कारण तिचं स्वतःचं असं ठाम मत होतं की या गाडीला बंगाली येत नाही. मत असूनही काकांनी त्यावर निरीक्षण मागितलं नव्हतं.

एका रविवारी मा फ्लायओव्हरच्या ऐन मध्यावर, झुमू मागे बसलेली असताना, गाडी बारा वेळा मेली आणि तेरा वेळा जिवंत झाली. मागे बसेसची रांग पार्क सर्कसपर्यंत. (मी हावड्यापर्यंत सांगतो.) पांढऱ्या गणवेशातला सार्जंट मोटरसायकलवरून आला, काचेवर टकटक करून काय झालं ते विचारायला लागला, "की होलो, दादू?" काकांनी त्याला कार्बोरेटरची रचना समजावून सांगायला घेतली. तो हात जोडून निघून गेला.

पण अनघाने हात जोडले नाहीत. तिने दारातच सांगितलं, "बाबा, गाडी पूर्ण बरी होईपर्यंत झुमू तिच्यात बसणार नाही. उद्या पुलावर मागून कुणी धडकलं तर? तुम्ही स्वतः अशा जहाजाला सोडलं असतंत का?"

काकांच्याच शिक्क्याने काकांना गोदीत अडकवलं होतं.

एकदा भाड्याची टॅक्सी करून पाहिली. काकांनी चालकाला त्याच्या क्लचविषयी इतके प्रश्न विचारले की त्याने बायपासवर गाडी थांबवून "आपही चला लीजिए" म्हटलं. आणि झुमू रस्ताभर त्या चालकाशी इलिश माशावर बंगालीत गप्पा मारत होती. मराठीत एक अक्षर नाही. आजोबांच्या वाट्याला डोक्याचा मागचा भाग आला.

मग बसली चौकशी. दर रविवारी झुमूला आणायच्या वेळेलाच रिकामी गाडी न्यू टाउनपर्यंत न्यायची, आणि प्रत्येकाकडे एक खातं. मी डावा कान. लाटणं घेऊन पुढच्या सीटवर बसायचं आणि गचका आला की लाटणं डॅशबोर्डला लावून आवाजाचं वर्णन करायचं. विमलकाकू मागे बसून नाक: जळका वास, पेट्रोलचा वास, रबराचा वास. स्टिअरिंगवर काका, आणि मांडीवर वही. बोलायला बंदी, फक्त निरीक्षण.

"मा फ्लायओव्हरचा चढ. पहिला गचका," काका म्हणत. "डावा कान?"

"घशात पोळी अडकल्यासारखा."

"उपमा नको!"

"खर्र, खर्र, थांबतो, मग खर्र."

"नाक?"

"काही नाही," काकू म्हणत. "पण अहो, मला काय वाटतं—"

"वाटतं नको, विमल. वास सांग."

काकू पुन्हा हुंगायला लागत. बाहेर मागच्या शंभर गाड्या त्यांची निरीक्षणं हॉर्नवर नोंदवत असत.

आठवड्याभरात मग त्या नोंदींवर इलाज. इलाज करणारा हारूदा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, एक खड्डा आणि हारूदा. वीस वर्षं काकांची गाडी त्याच्याच हातात. त्याने प्लग बदलले. फिल्टर बदलला. पेट्रोल पंप बदलला. कार्बोरेटर तीनदा खोलून इतका धुतला की त्यात भात शिजवून खाता आला असता. गंमत अशी की गॅरेजमध्ये गाडी दहा मिनिटं चालू ठेवली की सतारीसारखी वाजायची. हारूदा हात पुसत म्हणायचा, "स्यार, गाडी में कोई दोष नहीं."

चौथ्या रविवारनंतर मात्र त्याचाही धीर सुटला. म्हणाला, "स्यार, बुरा मत मानिए. आपका पैर अब थोडा भारी हो गया है."

म्हणजे दोष गाडीत नाही, म्हाताऱ्याच्या पायात आहे! काकांचा चेहरा बॉयलरसारखा लाल झाला. "हे मत आहे!" ते गरजले, मराठीत. हारूदाला मराठी येत नाही, पण कडुनिंबावरचे कावळे उडाले. घरी येऊन काकांनी हारूदाला हिंदीत तीन पानी पत्र लिहिलं, ज्याचा सारांश असा की बिघाड कार्बोरेटरच्या चुकीच्या जुळणीमुळे असून ती जुळणी करणारी व्यक्ती कोण हे सांगण्याची आवश्यकता नाही. हारूदाने पत्र वाचलं आणि पानांनी हात पुसले. वीस वर्षांचं येणंजाणं बंद झालं. काका गॅरेजवरून जाताना उजवीकडे बघत, हारूदा डावीकडे. खड्डा बिचारा मध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलकाकू मला जिन्यात म्हणाल्या, "झुमूचा फोन आला होता. यांच्याशी बंगालीत बोलली. यांनी बंगालीतच उत्तरं दिली. मग किती वेळ फोन हातात धरून बसले होते." एवढं बोलून त्या भाजी आणायला गेल्या. मी ठरवलं, पाचव्या रविवारी डावा कान जिवाचा करायचा.

पाचवा रविवार. गाडी ठरल्याप्रमाणे अर्धा तास गुणी बाळ, ठरल्याप्रमाणे फ्लायओव्हरवर धापा. उतारावरून घसरत, गचके खात आम्ही कसेबसे एका पेट्रोल पंपावर पोचलो. तिथल्या माणसाने टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स्स्स!

असा आवाज, की माणूस दोन पावलं मागे सरला. चुलीवरचा प्रेशर कुकर उलटा फुसकारला तर कसा वाटेल, तसा. वारा बाहेर आला नाही, आत गेला.

"अहो," मागून काकू म्हणाल्या, "गाडीने सुस्कारा सोडला बघा."

"मत!" काका म्हणाले.

आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा विमलकाकूंनी पर्स आपटली.

"बरं, मग निरीक्षण घ्या लिहून. एक. झाकण उघडलं की हा आवाज येतो, गेल्या वेळीही आला होता. दोन. आपण जेव्हा जेव्हा वाटेत पेट्रोल भरतो, तेव्हा तेव्हा पंपावरून निघताना गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. तीन. पाच रविवार मी हे बघतेय आणि पाच रविवार सांगायला तोंड उघडतेय. पण मी नाकाच्या खात्यात आहे!"

पंपावरचा माणूससुद्धा सावधान उभा राहिला.

काका खाली उतरले. त्यांनी त्याच्या हातातून झाकण घेतलं, चष्मा वर केला, उजेडात धरलं. जुन्या गाड्यांच्या झाकणाला एक सुईएवढं भोक असतं. पेट्रोल जसजसं संपतं तसतशी त्या भोकातून टाकीत हवा जाते. ते भोक बंद असेल तर टाकी आतल्या आत ओढून धरते, इंजिन पेट्रोल मागतं आणि टाकी सोडत नाही. शहाळं शोषताना नळी चिकटून बसावी तसं. हे सगळं मला काकांनी नंतर समजावलं. त्या क्षणी ते नुसते झाकणाकडे बघत होते. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो.

भोकात राखाडी लांबी होती. दगडासारखी. आणि शेजारी, लाल रंगात, बारीक अक्षरांत: भा. सो.

चौतीस वर्षं जहाजं बुडू नयेत म्हणून झटलेल्या माणसाने आपल्या गाडीला पाण्यापासून वाचवता वाचवता तिचा श्वासच कोंडला होता!

मी हसू दाबण्यासाठी लाटणं दातांत धरलं. काकूंनी मात्र पदर तोंडाला लावला नाही. त्या काकांकडे बघत होत्या, आणि हळूच म्हणाल्या, "राहू दे हो. सापडलं ना."

काकांनी खिशातून टाचणी काढली आणि पंपावरच उभं राहून एकेक कण खरवडत ते भोक मोकळं केलं. परत येताना गाडी अशी धावली की बायपासवर एक रुग्णवाहिका आम्हाला वाट देत होती.

आता कुणी दुसरा असता तर झाकण गुपचूप लावून "गाडी आपोआप बरी झाली" म्हणाला असता. साक्षीदार आम्ही दोघंच, आणि त्यातली एक बायको. पण सोमवारी सकाळी दहा वाजता काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून हारूदाच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. गिऱ्हाइकं होती, रिक्षावाले होते. काकांनी कागद उघडला आणि आपल्या गोदीतल्या हिंदीत अहवाल वाचला. "गाडी का दोष: हवा का रास्ता बंद. बंद करनेवाला: मालिक. कार्बोरेटर: निर्दोष. मिस्त्री: निर्दोष. मालिक का पैर: हलका." शेवटचं कलम त्यांनी दोनदा वाचलं.

हारूदा पोट धरून हसला. मग त्याने डोळे पुसले, मातीच्या भांड्यांतून चहा मागवला आणि विचारलं, "पर स्यार, वो छेद बंद किया क्यूं? इतना तो आप जानते हैं."

मीही कान टवकारले. प्रश्न बरोबर होता. भोक कशासाठी असतं हे ज्याला झोपेतही माहीत, त्याने ते बुजवलंच कसं? आणि नळाचा वॉशर बदलला तरी कारणमीमांसेला पाऊण तास घेणारा हा माणूस चहात बघत म्हणाला, "बंद किया. बस."

अहवालाची एक प्रत अनघाला गेली. तिने ती वाचली, स्वतः गाडी चालवून न्यू टाउनला पाच फेऱ्या मारल्या, आणि मग म्हणाली, "ठीक आहे बाबा. पण पहिल्या दिवशी बरोबर कुणीतरी असू दे." म्हणून त्या रविवारी डाव्या कानाची पुन्हा नेमणूक झाली.

झुमू धावत खाली आली. दोन वेण्या, एका पायात चप्पल. आजोबांना मिठी नाही, मला नमस्कार नाही, ती थेट गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि तिने हुकूम सोडला, "आजोबा, उघड!"

काकांनी माझ्याकडे एकदा चोरट्या नजरेने पाहिलं आणि पेट्रोलच्या टाकीचं दार उघडलं.

"भोक!" झुमू किंचाळली. "आजोबा, भोक परत आला! मी तुला सांगितला होता ना बंद कर? तू बंद केला होता! पाऊसचा पाणी आला होता, मी रडला होता, गाडीचा नाकात पाणी जाणार, ती मरणार, तू बोलला मी बंद करतो. मग का उघडला?"

मी अचानक समोरच्या इमारतीचे मजले मोजायला लागलो. यंदा गल्लीत पहिलं पाणी भरलं तो रविवार होता, आणि गाडी अडखळायला लागली ती त्यानंतरच. एवढी निरीक्षणं मलाही जुळवता आली. आणि अहवालात 'मालिक'पुढे दुसरं नाव का नव्हतं, हेही.

काका तिच्यापुढे उकिडवे बसले. दोन्ही गुडघे कडकड वाजले. "उघडलं, कारण तिला श्वास घ्यावा लागतो गं. तुला नाही लागत?"

झुमूने स्वतःचं नाक दाबून पाहिलं. लाल झाली. सोडलं. "लागतो," ती म्हणाली. "पण मग पाणी आला तर?"

"पाणी आलं तर मी तिच्या नाकावर हात धरीन."

"पक्का?"

"पक्का."

मग ती गाडीत बसली, आणि बेहाला येईपर्यंत एक क्षण गप्प बसली नाही. शाळा, मांजर, दात, वर्गातला कुणी एक दुष्ट ऋभू. मराठी अशी की ऐकणाऱ्याने कानांत बोटं घालावीत. काकांनी एकदाही तिला थांबवलं नाही. रस्ता मोकळा, इंजिन लोण्यासारखं, आणि वेगाचा काटा मात्र तीसवर.

"काका," मी हळूच म्हणालो, "आता तर पळते की गाडी."

"तुम्ही मजले मोजा, बँकवाले," ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये एका दुपारी बेहालात नेहमीप्रमाणे पाणी भरलं. मी गॅलरीत आलो. खाली गल्लीची नदी झाली होती, एक चप्पल आणि दोन कमळं वाहत चालली होती. आणि सोवनीकाका, धोतरासारखी लुंगी खोचून, गुडघाभर पाण्यात गाडीला टेकून उभे होते. छत्री मानेत अडकवलेली. एक तळवा पेट्रोलच्या दारावर घट्ट. दुसऱ्या हातात फोन, जमेल तितका लांब धरलेला, म्हणजे पलीकडून सगळं नीट दिसावं.

"बघ," ते फोनला सांगत होते. "धरलाय. दिसतोय ना हात?"